नमस्कार विष्णूला, समोर जरथुष्ट्र

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ग्रँड कॅन्यनवरचा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसून पाहिले, जमले नाही. तिथल्या शिखरांना विष्णू, शिव, ब्रह्मा अशी नावे आहेत म्हणजे आपले पूर्वज तिथे नांदले होते, हा शोध कौतुकास्पद आहे. त्याच न्यायाने ज्युपिटर, व्हीनस, अपोलो, आयसिस आणि ओसायरिसचे भक्तही तिथेच राहात असणार, कारण त्यांच्या नावाची शिखरेही त्याच दरीत आहेत. मोठी कॉस्मोपॉलिटन वस्ती म्हणायची!

विष्णू आणि शिव ही नावे क्लॅरेन्स डटन या अमेरिकी लष्करातल्या कॅप्टनने १८८०च्या सुमारास दिली. सरकारी भूगर्भ सर्वेक्षणावर असताना त्याला ते सुळके देवळांसारखे दिसले, एवढेच. पुढच्या नकाशाकारांनी तोच कित्ता गिरवला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या हवासुपाई लोकांना कुणी विचारले नाही.

अशा लेखांचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या सहलीच्या गाइडने यावापाई पॉइंटवर 'ते बघा, विष्णूचं मंदिर' असे जाहीर करताच निम्म्या बसने चपला काढल्या. एका काकूंनी पर्समधून उदबत्तीचा पुडा काढला. वाऱ्यापुढे काड्यापेटीचे काही चालले नाही म्हणून बरे. कठड्याजवळच्या फलकावर प्रत्येक शिखराचे नाव चित्रासह दिले होते. आमची मंडळी हात जोडून उभी होती ती जरथुष्ट्राच्या शिखरासमोर! विष्णू तिथून बराच उजवीकडे, लांब. मी हे सांगितल्यावर गाइड म्हणाला, "काका, भाव महत्त्वाचा." भाव महत्त्वाचा तर मग सहलीचे एवढे पैसे कशाला घेतले? वर दरीपाशी जेमतेम अर्धा तास आणि जेवणाला त्याच्या दुप्पट. पारशी बांधवांनी आमचा नमस्कार गोड मानून घ्यावा.

खरी गंमत लेखकाने सोडूनच दिली. १९३७ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचे शास्त्रज्ञ गाजावाजा करत शिव शिखरावर चढले. एकाकी माथ्यावर वेगळेच प्राणी उत्क्रांत झाले असतील, ही आशा. तसले काही मिळाले नाही. मिळाले ते कॅमेऱ्याच्या फिल्मचे रिकामे खोके! एमरी कोल्ब हा तिथलाच फोटोग्राफर आधीच वर जाऊन आला होता. आणि दरीच्या तळाशी विष्णूच्याच नावाचा खडक आहे, सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांचा. त्यावर एक ओळ नाही.

लेखासोबतचा फोटोही ग्रँड कॅन्यनचा नाही. ते बारीक टोकदार खांब यूटातल्या ब्राइस कॅन्यनचे आहेत. फोटो छापण्यापूर्वी कुणी पाहते की नाही?

जाता जाता, गेल्या आठवड्यातल्या शब्दकोड्याचे उत्तर अजून छापलेले नाही. आडवे शब्द जुळले आहेत, उभा सातवा अडला आहे. तेवढे बघावे.

— एक जुना वाचक, डोंबिवली