सेल्फच्या चोर-स्विचबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

सोमवारी मेस्त्री येतोय, त्याच्याआधी हे पत्र पोचायला हवं. वायरिंगचं काम फोनवर सांगितलं की निम्मं हवेत जातं. म्हणून सगळं लिहिलंय. बाबा, त्याला हे सरळ वाचायलाच द्या.

आपल्या जुन्या मारुती आठशेच्या चावीत चिप नाही. इग्निशनचं कुलूप फोडलं की गाडी चोराची. म्हणून सेल्फच्या बारीक वायरीत चोरखिशासारखा एक लपवलेला चोर-स्विच, तो बंद असला की चावी फिरवूनही सेल्फ लागत नाही. मेस्त्री म्हणेल, "त्यापेक्षा कॉइलचा (प्लगला ठिणगी देणाऱ्या) करंटच तोडू, पक्कं काम." त्याला नाही म्हणा. कॉइलच्या वाटेतला जोड ढिला झाला तर चालती गाडी बंद पडते, आणि ती तुळजापूरच्या घाटातही पडू शकते. सेल्फच्या वाटेत बिघाड झाला तर फार तर गाडी सुरू होणार नाही.

दुसरी गोष्ट, स्विच थेट त्या वायरीत घालायचा नाही. सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरला करंट जोडून देणारा विद्युतचुंबक) ओढला जाताना त्यातून क्षणभर १० अँपिअरहून बराच जास्त करंट जातो. बाजारातला छोटा टॉगल (दांडीचा स्विच) बहुतेक ३ ते ६ अँपिअरचा असतो. त्याचे पॉइंट हळूहळू जळतात, मग सेल्फ नुसता "टक्" करतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. त्यापेक्षा १२ व्होल्टचा, ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले सॉकेटसकट घ्यावा. रिले म्हणजे थोड्या करंटवर ओढला जाऊन मोठा करंट जोडणारा स्विच.

जोडणी अशी. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. स्टिअरिंगखाली इग्निशनचं कनेक्टर उघडं करायचं, मग तपासण्यापुरती निगेटिव्ह परत लावून टेस्ट लॅम्पने वायर शोधायची: गाडी न्यूट्रलला, चावी 'ऑन'वर असताना दिवा लागत नाही आणि सेल्फ मारतानाच लागतो, तीच आपली. रंगावर भरवसा नको, जुन्या गाडीत कुणी काय जोडून ठेवलंय सांगता येत नाही. निगेटिव्ह पुन्हा काढूनच वायर तोडायची. चावीकडचं टोक रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, सोलेनॉइडकडे जाणारं ८७ ला. ८६ लाही चावीकडच्याच टोकावरून करंट द्यायचा. ८५ मधून निघालेली वायर चोर-स्विचला, आणि स्विचची दुसरी बाजू बॉडीला अर्थ. तिथला रंग खरवडून, स्क्रूने घट्ट. सेल्फच्या वाटेत जुन्या वायरीएवढीच जाड वायर हवी, स्विचसाठी मात्र ०.७५ चौ. मिमी.ची पुरते, कारण रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर खाते.

८६ ला थेट बॅटरीचा करंट दिला तर? स्विच चालू राहिला की रिले रात्रंदिवस ओढलेला राहील. ०.१५ अँपिअर म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-अवर, आणि आपली बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. चार-सहा दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारण्याइतकी ताकद उरायची नाही.

जोड पिळून टेप गुंडाळायला देऊ नका. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटते आणि उघडी तार कुठे तरी टेकते. जोड क्रिम्प (पकडीने दाबलेला) किंवा सोल्डर, वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. रिलेही लोंबकळता नको.

स्विचची जागा या कागदावर लिहीत नाही. बाबा, बेल्ट लावून सीटवर बसा, डावा हात सहज सोडा, न वाकता बोटं पोचतात तिथेच बसवून घ्या. डॅशबोर्डखाली सगळेच बसवतात, त्यामुळे चोरही आधी तिथेच चाचपडतो. पॅडलजवळ नको, पायाने धक्का लागतो. टॉगल मात्र जाड दांडीचा, "कट्" असा हाताला कळणारा घ्या. आई, तूही एकदा बसून हात लावून बघ. तुलाही जागा ठाऊक हवी.

स्विच विसरलात तर काय होईल हे ओळखता यायला हवं. काच वर, हेडलाइट लावा, चावी फिरवा. दिवे जसेच्या तसे आणि काहीच आवाज नाही? आधी स्विच बघा. दिवे मिणमिणले आणि टक-टक-टक ऐकू आलं? बॅटरी. स्विच चालू असूनही शुकशुकाट असेल तर रिले उपसून सॉकेटच्या ३० आणि ८७ मध्ये जाड वायरीचा तुकडा घालायचा, गाडी घरापर्यंत येते. दोन्ही टोकांना पिना लावलेला तो तुकडा मेस्त्रीकडून आत्ताच करून घ्या आणि टूलकिटमध्ये ठेवा.

उलटंही होतं. स्विचची वायर कुठे तरी घासून बॉडीला टेकली तर चोर-स्विच बंद असला तरी सेल्फची वाट मोकळीच. गाडी मजेत सुरू होत राहते आणि चोर-स्विच फक्त नावाला उरतो. त्यामुळे महिन्यातून एकदा स्विच बंद ठेवून सेल्फ मारून बघायचा, शांतताच हवी. सर्व्हिसिंगला देताना स्विच चालू ठेवून द्या, जागा सांगायची गरज नाही.

एक मर्यादा सांगते. धक्का मारून गाडी सुरू होते, त्याला हा स्विच आडवा येत नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत किंवा अक्कलकोटला तासन् तास लावाल तेव्हा गिअर लॉकही लावा. बॉनेट नीट बसतंय ना तेही बघून घ्या, कारण ते उघडलं की सोलेनॉइडलाच थेट करंट देता येतो. आणि बाबा, विम्यात सूट मागायला जाऊ नका. चोरीविरोधी उपकरणाची २.५ टक्के सूट, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये, पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेल्या उपकरणालाच असते. आपल्या घरगुती स्विचला नाही.

काम झाल्यावर मेस्त्रीला जाऊ देण्याआधी दहा वेळा सेल्फ मारून बघा, पाच वेळा स्विच चालू, पाच वेळा बंद.

तुमची,
लेक