तुम्ही माझ्या वाटची प्रार्थना केलीत

प्रभूमध्ये प्रिय मावशी,

सलाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपल्या इंदुरात किंवा आणखी कुठे माझ्यासारखं कोणी गप्प होऊन बसलं असेल, तर तुम्ही काय केलंत हे त्याला कळावं.

दादाच्या आजारात आम्ही सात महिने उपास केले, रात्र-रात्र प्रार्थना केल्या. तो गेला. मातीनंतर आठवड्याभरात एकांनी घरी येऊन सांगितलं, तुमचा विश्वास कमी पडला. त्या दिवसापासून माझी प्रार्थनाच बंद झाली. रविवारी उपासनेला जायची, गीताला उभी राहायची, पण देवाच्या चांगुलपणाची ओळ आली की ओठ हलायचे नाहीत.

तुम्ही दर गुरुवारी पाटणीपुऱ्याहून रिक्षानं आलात, वरणभाताचा डबा घेऊन. पहिले तीन गुरुवार देवाचा विषयसुद्धा काढला नाहीत. चौथ्या गुरुवारी आईचं जुनं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, मागितलंत. मंडळीत आपली उपासना हिंदीत चालते, पण रडू मराठीतच येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

तुम्ही 88वं स्तोत्र काढलंत. मी वाट पाहत होते की शेवटी तरी उजाडेल. अठराही ओव्या संपल्या आणि शेवट अंधारातच झाला. तुम्ही म्हणालात, “हेही शास्त्रातच आहे, बेटा. कोणी खोडलं नाही.” मग पहिल्या ओवीवर बोट ठेवलंत. इतकी तक्रार करणारा हेमान, हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो, हाक मात्र त्यालाच मारतो, ‘माझ्या उद्धारक देवा’ म्हणून. मला वाटत होतं, तक्रार म्हणजे विश्वास संपला. तक्रार नेमकी कोणाकडे चाललीय, हे तुम्ही दाखवलंत. लाजर मेल्यावर त्याची बहीण मार्था गावाबाहेरच येशूला भेटून तोंडावर म्हणाली, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तो तिच्यावर रागावला नाही. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. हा भाग मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण भाऊ गेल्यावर पहिल्यांदा ऐकला.

पंडिता रमाबाईंचा दाखला मला आधी रुचला नव्हता, हे आज कबूल करते. त्यांची मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी शास्त्राच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. मला वाटलं, माझ्यापुढे आणखी एक थोर उदाहरण ठेवताय. तुम्ही हळूच म्हणालात, “त्या किती रडल्या असतील, ते आपल्याला कुठे माहीत आहे?” आणि गप्प बसलात. मग आपण दोघी रडलो.

सगळ्यात मोठे आभार एका वाक्याचे. “तुला जमत नाही तोवर तुझ्या वाटची प्रार्थना मी करते.” त्यानंतर दर वेळी तुम्ही दादाचं नाव घेऊन प्रार्थना केलीत, आणि ‘आमेन’साठी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

दादा का गेला, ते मला अजून कळलेलं नाही. पण मावशी, 27व्या स्तोत्राची तेरावी ओवी मी रोज उघडते आहे. जिवंतांच्या भूमीत परमेश्वराचं चांगुलपण पाहीन असा भरवसा नसता तर... मूळ हिब्रूत ते वाक्य तिथेच तुटतं, असं तुम्हीच सांगितलं होतं. तेवढं अर्धं वाक्य मला आता मोठ्यानं म्हणता येतं. या गुरुवारी शास्त्र मी वाचते. तुम्ही ऐका.

तुमची,
छावणीतली भाची