पट्टीवर नुसते ‘विश्लेषक’ का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माजी नेत्यांना मानधन देऊन वृत्तवाहिन्यांवर बसवण्याविषयीचा तुमचा कालचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. ‘त्यांच्या अनुभवाचा लोकांना लाभ होतो’ असे त्यात म्हटले आहे. तो अनुभव त्यांना ज्यांच्या जिवावर मिळाला त्यांत आमचे घर आहे, म्हणून लिहिते.

गेल्या आठवड्यात रात्रीच्या चर्चेला गोव्यातल्या खाण अवलंबितांचा, म्हणजे खाणींवर ज्यांचे पोट चालायचे त्यांचा, विषय होता. पडद्यावर चौघेजण. त्यांतल्या एका गृहस्थांच्या नावाखाली ‘राजकीय विश्लेषक’ अशी पट्टी होती. आमच्या भागात त्यांना या नावाने कोणी ओळखत नाही. त्यांनी आमच्या दारात येऊन मते मागितली, ती मिळाली, सत्ता मिळाली, मग पक्ष बदलला आणि पुढे हरले. हे गृहस्थ शांतपणे म्हणाले की खाणी बंद होणार हे स्पष्ट दिसत होते, ट्रकवाल्यांनी वेळीच दुसरा धंदा बघायला हवा होता.

माझा धाकटा भाऊ शेजारी बसून जेवत होता. तो ताटावरून उठला.

त्याने २०१० मध्ये खनिज वाहण्यासाठी कर्ज काढून दुसरा टिपर घेतला होता. १० सप्टेंबर २०१२ रोजी सरकारने खाणी थांबवल्या, तेव्हा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, नऊ दिवसांवर होती. ऑक्टोबरच्या ५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. दिवाळी झाल्यावर भाऊ आणि गावातले सहाजण ट्रकमालक या गृहस्थांच्या घरी गेले. निवेदन मी लिहून दिले होते, म्हणून मलाही नेले. दोन तास ओसरीवर बसलो. शेवटी ते बाहेर आले, उभ्याउभ्याच निवेदन घेतले आणि म्हणाले, “ट्रक विकूं नाकात. दोन म्हयन्यांत खणी सुरू जातल्यो.”

आम्ही विश्वास ठेवला. त्या वेळी एक गिऱ्हाईक आले होते, भाऊ नाही म्हणाला. दोन महिन्यांची दोन वर्षे झाली. टिपर अंगणात ताडपत्रीखाली, टायर जमिनीला चिकटलेले, हप्ते मात्र चालूच. वहिनीच्या पाटल्या गेल्या. अखेर दोन्ही गाड्या भंगाराच्या भावात दिल्या. भाऊ आज एका कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी आहे. ज्यांनी ‘विकू नका’ सांगितले, तेच आज पैसे घेऊन ‘विकायला हवे होते’ म्हणतात आणि निवेदक मान हलवतो. त्या निवेदकाला हे ठाऊक नसेल तर त्याने तयारी केली नाही, आणि ठाऊक असून विचारले नसेल तर ते त्याहून वाईट.

मला त्यांच्या बोलण्यावर बंदी नको. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे खूप आहे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे, म्हणजे खाणपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द केले. त्यांतल्या अनेक लीजांचे नूतनीकरण खाणी लिलावानेच देण्याचा अध्यादेश निघाला त्याच दिवशी, १२ जानेवारी २०१५ रोजी झाले होते. एवढी घाई का झाली, कोणी केली, कोण गप्प बसले, हे त्या वेळी सत्तेच्या जवळ वावरणाऱ्या माणसाने सांगितले असते तर मी स्वतः त्यांना धन्यवादाचे पत्र पाठवले असते. तोच खरा अनुभव. तो पोटात ठेवून ट्रकवाल्यांना शहाणपण शिकवायचे, याला मी विश्लेषण मानत नाही.

ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामक संस्थेच्या नियमावलीनुसार राजकारण्याला बातम्यांच्या कार्यक्रमात वृत्तनिवेदक किंवा मुलाखतकार म्हणून वापरता येत नाही. अपवाद करायचाच झाला तर त्याची राजकीय बांधिलकी प्रेक्षकांना स्पष्ट सांगावी लागते. आपल्याकडे पाहुणे म्हणून येणाऱ्यांच्या बाबतीत निदान हे दुसरे तरी करा. गोव्यात तर त्याची जास्तच गरज आहे. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, १४ सप्टेंबर २०२२ रोजी ११ पैकी ८ गेले. चाळीस जणांच्या विधानसभेत कोण कधी कुठे होता हे आम्हालाच आठवत नाही, नवीन मतदाराला कसे कळणार? नावाखाली लिहा: माजी आमदार किंवा माजी मंत्री, अमुक साल ते अमुक साल, आधी हा पक्ष, नंतर तो. आणि या चर्चेसाठी मानधन घेतात, हेही लिहा. जागा पुरत नाही म्हणू नका, त्याच पट्टीवर सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती दिवसभर धावतात.

माजी आमदारांना निवृत्तिवेतन मिळते, ते आमच्या करातून. त्याबद्दल आज लिहीत नाही.

पण तुमच्याबद्दल लिहिते. तुमच्या रविवार पुरवणीतही एका माजी मंत्र्यांचा भू-रूपांतरावरचा लेख आला होता. खाली परिचय होता ‘लेखक सामाजिक अभ्यासक आहेत.’ त्यावर मी पत्र पाठवले. ते छापून आले, पण परिचयाविषयीची चार वाक्ये गाळून. वाहिन्यांवर लेख छापता, तर आपल्या पानावरही तोच नियम लावा. हे पत्र कापायचे झाल्यास दुसरीकडे कुठेही कापा, हा परिच्छेद राहू द्या.

२०१२ च्या त्या निवेदनाची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. तिच्यावर त्यांच्या सचिवाची पोच सही आणि तारीख आहे. तुम्हाला किंवा त्या वाहिनीला बघायची असेल तर कळवा, मी पणजीला येऊन दाखवीन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
डिचोली तालुका