‘नाही’वर टिक करू नकोस

बार्शी, ५ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जाबद्दल म्हणालास, “आर्थिक मदत (एड) हवी का या प्रश्नाला नाही म्हणून टाकतो. आधी अ‍ॅडमिशन तर मिळू दे, पैशांचं पुढचं पुढे.” मी विषय बदलला, कारण गळा भरून आला होता. मागच्या वर्षी मी नेमकं हेच केलं होतं.

मार्चमध्ये एका कॉलेजचा होकार आला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मग मी एडसाठी ईमेल केला. उत्तर दोन ओळींचं होतं: परदेशी विद्यार्थ्याने अर्जातच एड मागितली नसेल तर नंतर विचार होत नाही. जागा सोडावी लागली. अण्णा काही बोलले नाहीत, चपला घालून रानात निघून गेले. आणि हे लक्षात ठेव, पहिल्या वर्षाचे पैसे दाखवल्याशिवाय आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, मिळत नाही, आणि आय-२० नसेल तर व्हिसाची गोष्टच सोड.

तुझी भीती खोटी नाही. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं आपल्यासारख्यांसाठी ‘नीड-अवेअर’ आहेत, म्हणजे पैसे मागितलेत हे निवडताना धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन अशा मोजक्या ठिकाणी गरज न बघता निवडतात आणि निवडलं की लागेल तेवढी मदत देतात. पण तिथे शिरणं किती अवघड हे तुला माहीत आहे, म्हणून सगळी यादी त्यांचीच नको. नीड-अवेअर असूनही निवडलेल्याची पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं आहेत. ती शोध.

यंदा सीएसएस प्रोफाइल, म्हणजे एडसाठी घरच्या पैशांची माहिती द्यायचा ऑनलाइन फॉर्म, भरायला अण्णांना शेजारी बसवलं. उत्पन्नाचा रकाना आला. त्यांनी कपाटातून लाल वही काढली. सोयाबीनची पट्टी, कांद्याची पट्टी, खालच्या ओळीत सोसायटीचं कर्ज. तहसीलचा दाखला आणि सातबारा दोन्ही मराठीत, त्यांचं भाषांतर करून घेतलं. मग घरून वर्षाला किती देता येईल हा प्रश्न. अण्णा बराच वेळ वहीवर बोट ठेवून बसले. म्हणाले, “साठ हजार लिही. त्याच्यावर एक रुपया लिहू नको, आणि कमीही लिहू नको.” माझ्या सगळ्या निबंधांपेक्षा मला तो आकडा मोलाचा वाटतो.

हो, प्रोफाइलला पहिल्या कॉलेजचे २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाचे १६ लागतात. भरण्याआधी कॉलेजला ईमेल करून फी माफीचा कोड माग. काही जण देतात, काही स्वतःचा फुकटचा फॉर्म चालवून घेतात.

दिवाळीच्या गर्दीआधी एक रात्र बाबांबरोबर बस. दुकानाची उधारीची वहीही काढायला सांग, त्यांना संकोच वाटेल तरी. आणि तुझी यादी मला आजच पाठव, प्रत्येक कॉलेजचं एडचं पान मी तुझ्यासोबत वाचतो.

तुझाच,
बार्शीकर