बाप्तिस्म्याआधी चार ओळी

सातारा

प्रिय आशिष,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू म्हणालास, "लेकीचा बाप्तिस्मा करू, पण पुढचं ती मोठी झाल्यावर ठरवील. तोवर चर्चची शब्बाथशाळा आहेच." ठरवील तीच, त्यात वाद नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. नवऱ्यामागून त्या आपसूक आल्या नाहीत, पण पुढे टिळकांच्या 'ख्रिस्तायना'त, येशूच्या चरित्रावरच्या त्या अपुऱ्या काव्यात, ६४ अध्यायांची भर त्यांनीच घातली. याच टिळकांनी १९१७ मध्ये आपल्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. तेव्हा जबरदस्ती मी सांगणारच नाही.

पण ठरवायला आधी काही दिसावं लागतं ना? शब्बाथशाळेच्या बाई गाणी शिकवतील, दाविदाची गोष्ट सांगतील. तो आठवड्यातला एक तास. घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांशी बोला, असं बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकात मोशे सांगतो, ते आईबापांना.

तुझ्या आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या काकांचं, सामाईक भिंतीवरून बिनसलं होतं. बोलणं बंद. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आदल्या संध्याकाळी आजोबांनी मला बरोबर घेतलं आणि काकांच्या दारात जाऊन उभे राहिले. "चहा टाक," एवढंच म्हणाले. काकूंनी कप ठेवले, बशीत ओतून दोघं भाऊ प्याले. भिंतीचा विषय कुणी काढला नाही. आधी भावाशी समेट कर, मग वेदीपाशी ये, हे येशूचं वचन मला तोंडपाठ होतं. त्याचा अर्थ मात्र त्या ओसरीवर कळला.

प्रेषित पौलाने आपला तरुण सोबती तीमथ्य याच्या विश्वासाचं मूळ सांगताना आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतली, बापाचं नाही. आपल्याकडेही उशाशी बसून प्रार्थना करते ती आईच, आणि बापे शेवटचं गीत होईतो चर्चच्या आवारात गप्पा मारतात. याचं मला फार वाईट वाटतं. तू तसा होऊ नकोस. रात्री जेवणं झाली की एखादं स्तोत्र मोठ्याने वाच, लेक मांडीवर असू दे. तिला आज काही कळणार नाही, तुझा आवाज ओळखीचा होईल. पुढे ती प्रश्न विचारील, अडचणीचे विचारील. रागावू नकोस. उत्तर येत नसेल तर तसं सांग आणि तिच्याबरोबर शोध.

आम्ही शनिवारी सकाळच्या एसटीने निघतो. झबलं आईने शिवलंय, विकत आणू नका.

तुझे,
पप्पा