आबांची वही पाठवतो आहे

रामबाग, इंदूर

चि. गौरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दिवशी भाऊकाकांसमोर मी तुला तुझ्या कथासंग्रहाविषयी ‘किती प्रती खपल्या?’ असे विचारले आणि तू भरल्या ताटावरून उठून आत गेलीस, त्याला आज बारा दिवस झाले. पुण्याच्या बसमध्ये बसवून देतानाही मी काही बोललो नाही, फक्त पाण्याची बाटली तुझ्या हातात दिली. आई म्हणते की फोन करून मोकळे व्हावे. परंतु फोनवर माझे बोलणे लगेच उपदेशाकडे वळते, म्हणून लिहितो आहे. तुझ्या जागरणांविषयी या पत्रात अवाक्षर काढायचे नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

मी जन्मभर सरकारी हिशेब लिहिले. ज्या कामाचा आकडा कागदावर उतरत नाही ते काम झाले की नाही, हेच मला कळत नसे. तू गेल्यावर मी खरोखरच कागद घेऊन तुझा हिशेब मांडला. पुस्तकाची किंमत 250 रुपये, आवृत्ती 500 प्रतींची, तुला मिळणार दहा टक्के. म्हणजे शेवटची प्रत विकली गेली तरी 12,500 रुपये. संग्रहावर तू तीन वर्षे घालवलीस, तेव्हा महिन्याला साडेतीनशे रुपयेही पडत नाहीत. तो कागद समोर ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. ताळेबंद इतका विपरीत आला की बेरीज पुन्हा करत बसायचे नसते, नोंद चुकीच्या खात्यात पडली आहे का ते पाहायचे असते, हे मी कितीतरी नवख्या कारकुनांना शिकवले होते. तुझ्या बाबतीत मात्र ती चूक मीच केली, आणि तीही चारचौघांत. त्याबद्दल मला फार वाईट वाटते.

कादंबरी प्रकाशकाकडून परत आल्याचे मला परवा आईकडून समजले. तुझ्या मैत्रिणीचे एका वर्षात दुसरे पुस्तक आले म्हणून तूही रोज 2,000 शब्दांचा नेम धरला आहेस आणि पहाटे चारपर्यंत तुझ्या खोलीत दिवा असतो, असेही ती म्हणाली. गौरी, चार वाजता झोपून आठला उठणाऱ्या माणसाची प्रकृती किती दिवस टिकेल? हे लिहायचे नाही असे ठरवले होते, तरी लिहिले गेले.

देवास आपल्यापासून जेमतेम पस्तीस-छत्तीस किलोमीटर. 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन तेथे राहायला आले, तेव्हा त्यांना चोविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. लहान वयातच मोठमोठ्या गायकांची गायकी जशीच्या तशी उतरवून त्यांनी मैफली गाजवल्या होत्या, आणि आता डॉक्टरांनी गाणेच बंद करायला सांगितले. ती काही वर्षे त्यांनी अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची लोकगीते ऐकण्यात काढली. पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते, आणि जेवढा श्वास उरला होता तेवढ्यातच त्यांनी आपले गाणे नव्याने बांधले. आबांनी मला त्यांच्या एका मैफलीला नेले होते. मी सोळा वर्षांचा असेन. राग कोणता होता ते आता आठवत नाही. आठवते ते एवढेच की एखादा स्वर लावून ते मध्येच थांबत, तानपुरे तसेच चालू राहत, आणि मी चुळबूळ करू नये म्हणून आबा माझा गुडघा घट्ट दाबून धरत.

तुझा श्वास किती, हे त्या मैत्रिणीच्या शब्दसंख्येवरून कसे ठरेल? दुपारी लिहून पाहा, तीनशे शब्दच लिहून पाहा, एखाद्या आठवड्यात काहीच लिहू नकोस. बघ, मी पुन्हा शिकवू लागलो. मी आयुष्यात एक कथा लिहिलेली नाही आणि तुला लिहिण्याची पद्धत सांगतो आहे, क्षमा कर.

गजानन माधव मुक्तिबोधांचेही सांगावे असे मनात होते. घरात मराठी बोलणारा आणि हिंदीत लिहिणारा हा आपल्या माळव्यात वाढलेला कवी. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह 1964 साली निघाला, पण तो हाती घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. तरी लिहिण्यात त्यांनी हयगय केली नाही, असे लिहिणार होतो. परंतु मृत्यूसमयी ते अवघे सेहेचाळीस वर्षांचे होते हे आठवले आणि हात थांबला. म्हणून हे उदाहरण तू घेऊ नकोस.

सोबत आबांची वही पाठवतो आहे. लाल कापडी बांधणीची, दुकानदार खतावणीला वापरत तसली. दुकान उघडण्यापूर्वी ते रोज एका अभंगावर जे सुचेल ते लिहीत. कधी पान भरे, कधी दोन ओळी. श्रावणातल्या एका तारखेखाली ‘आज लेखन नाही. पाऊस ऐकला.’ एवढेच आहे, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सलग सव्वादोन पाने आहेत. ही वही कधी छापली गेली नाही. समोरच्या माई मात्र दर एकादशीला ती मागून नेत आणि परत देताना त्यांच्या हळदीच्या बोटांचे ठसे पानांच्या कोपऱ्यांवर उमटलेले असत. ते तुला अजूनही दिसतील. आबा ते ठसे असलेली पाने आम्हांला दाखवत असत.

आणखी एक सांगायचे राहिले. तू गेल्यावर तुझ्या संग्रहातली तिसरी कथा मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. ती विळीवर मेथी चिरत होती. आडावर रहाट फिरतो त्या प्रसंगापाशी तिचा हात थांबला, आणि कथा संपून बराच वेळ झाला तरी जुडी तिच्या हातात तशीच होती. मग ती म्हणाली, ‘हे माझ्या आईचे आहे.’ भाऊकाकांसमोर मी हे सांगायला हवे होते. गेल्या रविवारी त्यांच्या घरी मुद्दाम जाऊन सांगून आलो आणि आपल्याकडची प्रत वाचायला दिली.

आईने शेव आणि बेसनाचे लाडू दिले आहेत. वही परत करण्याची घाई नाही. रविवारी फोन करीन. सकाळी दहाच्या आत करणार नाही, तोवर झोप.

तुझे
बाबा