हातखंब्याच्या त्या दोघांचे आभार
आंब्याच्या पेट्यांसाठी घेतलेली माझी नवी पिकअप ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेली की थरथरू लागे, आणि विक्रेत्याकडे दोनदा बॅलन्सिंग (रिमला शिशाचे तुकडे लावून चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) करूनही काडीचा फरक पडला नव्हता. हातखंब्याजवळ चहाला थांबलो असता शेजारच्या टायरवाल्या काकांनी एवढेच विचारले, "स्टिअरिंग थरथरतं की सीट?" सीट म्हणताच त्यांनी मागच्या चाकांवर बोट ठेवले. पुढच्या चाकांना दगड लावून त्यांनी मागचा भाग जॅकवर उचलला आणि त्यांच्या हाताखालच्या मुलाने टायरजवळ खडू स्थिर धरून चाक हळूहळू फिरवले, तेव्हा रेघ सलग न उमटता जेमतेम वीतभर उमटली. टायर तेवढ्याच जागी उंच होता. वजन कितीही जुळवले तरी हा दोष शिशाच्या तुकड्यांनी जाणारा नव्हता. मग त्यांनी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून त्याचा उंचवटा रिमच्या सखल बाजूवर आणला, पुन्हा बॅलन्सिंग केले आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. लांज्यापर्यंत गाडी ९० च्या वेगानेही निवांत धावली. पैसे त्यांनी फक्त बॅलन्सिंगचे घेतले (आंब्याची एक पेटी मात्र मी हट्टाने त्यांच्याकडे ठेवली), आणि माल पोहोचवण्याच्या घाईत नावे विचारायची राहिली, म्हणून त्या दोघांचे येथे जाहीर आभार मानतो.